बारीक की जाडसर?

देशाची थोरवी तो काय बनवतो यावरून ठरत नाही, ते बनवणाऱ्याला तो काय काय फुकट देतो यावरून ठरते. हे सत्य आता जगभर मान्य झालं आहे. नखाएवढी एक चिप. तिच्यावाचून फोन लागत नाही, गाडी हलत नाही, लिफ्ट वर जात नाही आणि क्षेपणास्त्र खाली येत नाही. ती बनवणारा कारखाना आपल्याच अंगणात यावा म्हणून भलेभले देश एकमेकांना कोपरानं ढोसत रांगेत उभे आहेत. एकानं जमीन फुकट दिली. दुसऱ्यानं जमीन, पाणी आणि वीज दिली. तिसऱ्यानं एवढं सगळं देऊन वर कर माफ केला आणि कारखान्याचा निम्मा खर्चही उचलला. (उरलेला निम्मा चौथ्यानं उचलायची तयारी दाखवल्यामुळे कारखाना तिकडे गेला.)

या लढाईत एका लहानशा गावानंही उडी घेतली. गावाकडे फारसं काही नव्हतं. एक नदी होती, एक शाळेचं मैदान होतं आणि बारीकशेठांची पिठाची गिरणी होती.

बारीकशेठ हे नाव लोकांनी ठेवलेलं. अंगानं म्हणाल तर ते दारातून आडवे होऊन शिरत. नाव पडलं ते पिठावरून. त्यांचं पीठ चिमटीत धरलं तर चिमूट रिकामीच आहे असं वाटायचं. आणि त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला ‘बारीक की जाडसर?’ असं विचारल्याशिवाय दगड फिरवायचा नाही. तेच गिऱ्हाईक तेच धान्य घेऊन वर्षानुवर्षं आलं तरी विचारायचं. कुणी डबा ठेवून न बोलता निघून गेलं, तर डबा दिवसभर तसाच.

“अहो, तिला बारीकच लागतं, माहीत आहे ना तुम्हाला?” बायको म्हणायची.

“मला माहीत आहे गं. पण तिनं सांगायला हवं. धान्य तिचं आहे.”

तर चिप बनवणाऱ्या कंपनीचे पाहुणे पहिल्यांदा जागा बघायला आले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी ‘सज्जता समिती’ स्थापन झाली आणि बारीकशेठांचा मेहुणा तिचा सचिव झाला. (त्याच्याकडे कोट होता.) जाता जाता पाहुणे चहाचा कप खाली ठेवत दोन गोष्टी बोलले. जिथं चिप बनते तिथं धुळीचा कण चालत नाही, आणि जिथं चिप बनते तिथली जमीन जरासुद्धा हादरून चालत नाही. पाहुणे बोलत होते ते कारखान्याच्या आतल्या एका बंद खोलीबद्दल. समितीनं ते संपूर्ण गावाला लावून घेतलं. खोली आणि गाव यांतला फरक विचारणारा माणूस समितीत कुणी नव्हता. तसा कुणी असता, तर त्याला समितीत घेतलाच नसता.

कामाला जोरात सुरुवात झाली. म्हणजे हळू. सतरंज्या झटकायला बंदी आली. दगडावर कपडे आपटायला बंदी आली, ते आता समजूत घातल्यासारखे चोळून धुवायचे. शाळेतल्या मुलांना चवड्यांवर चालायला शिकवण्यात आलं, आणि उड्या मारायच्या असतील तर शेजारच्या गावी जाऊन माराव्यात असं फळ्यावर लिहिण्यात आलं. दारं आपटून भांडणाऱ्या जोडप्यांना दारं उघडी ठेवून भांडण्याची विनंती झाली. त्यामुळे भांडणं कमी झाली नाहीत, पण गावाची करमणूक वाढली. पुढे धुळीचं सर्वेक्षण झालं. गावातली नव्वद टक्के धूळ गिरणीतून निघते असा निष्कर्ष आला. (उरलेली दहा टक्के सर्वेक्षणाच्या गाडीमागून उडत होती.) धूळ आणि हादरा, दोन्ही गुन्हे एकाच छपराखाली करणारी गावात ती एकच जागा.

मेहुणा घरी आला. ताईच्या हातचा चहा घेतला, बशी आवाज न करता खाली ठेवली आणि म्हणाला, “दाजी, गिरणी बंद करावी लागेल. देशाचा प्रश्न आहे.”

“आणि आमच्या पोटाचा प्रश्न?” ताईनं विचारलं.

“ताई, कारखाना आला की दाजींना तिथं घ्यायचं ठरलंय. सूक्ष्म विभागात.”

बारीकशेठ ऐकत होते. चिपवर काढलेल्या रेघा केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असतात, हे त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं, आणि तेव्हापासून त्या कंपनीबद्दल त्यांच्या मनात आदर दाटून आला होता. इतकं बारीक काढायचं म्हणजे खायचं काम नव्हे. ही माणसं आपल्याच धंद्यातली, असं त्यांचं मत झालं. सूक्ष्म विभाग हे शब्द त्यांच्या कानांत गुळासारखे विरघळले. त्यांनी स्वतःच्या हातानं मोटारीचा पट्टा उतरवला.

“धंदा बंद करून कुणाचं भलं झालंय का आजवर?” बायको म्हणाली. मेहुण्यानं याची खूप उदाहरणं दिली, पण ती सगळी सज्जता समितीत होती.

मग वाट बघणं सुरू झालं. गावात आता पिशवीबंद पीठ येऊ लागलं. ते दूरच्या शहरातून मोठ्या ट्रकमधून येई, आणि ट्रक आला की अख्खा रस्ता थरथरायचा नि धुळीनं भरून जायचा. परंतु ती धूळ बाहेरगावची असल्यामुळे समितीच्या कक्षेत येत नव्हती. बारीकशेठ रोज सकाळी गिरणीत जाऊन दगडावरून हात फिरवून येत. दगडाला टाकी लावून नव्या खाचा पाडून ठेवल्या होत्या, न जाणो कधी चालू करायला सांगतील. पुढे पुढे त्यांना करमेना. घरात मूठभर तांदूळ निवडायला घेतले तरी ते बायकोला विचारत, “बारीक की जाडसर?” बायको तोंड फिरवून डोळे पुसायची आणि वर त्यांनाच ओरडायची.

तिकडे कंपनी सांगत होती की आमची आणखी तीन देशांशी बोलणी चालू आहेत. असं सांगितलं की कंपनीचा शेअर वर जायचा आणि गावाचं एकेक काहीतरी जायचं. आधी नदीचं निम्मं पाणी राखून ठेवलं, मग उरलेलं निम्मं. गावानं एक दिवसाआड आंघोळ सुरू केली. (धूळ अंगालाच चिकटून राहते, उडत नाही, हा त्यातला शास्त्रीय फायदा.) मग वीज दिली. मग शाळेचं मैदान दिलं. दुसऱ्या एका देशातल्या गावानं आपला डोंगर सपाट करून दिला असं कळलं, तेव्हा मेहुणा दोन दिवस जेवला नाही. आपल्याकडे डोंगर नाही याची त्याला मनापासून लाज वाटली.

अखेर पाहुणे दुसऱ्यांदा आले. गावातल्या चादरी अंथरुणावरून उठून अंगावर आल्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे, नाकावर फडकं, पायांत दुहेरी मोजे. अख्खं गाव रस्त्याच्या कडेला श्वास धरून उभं. कुत्र्यांनासुद्धा घरात कोंडलेलं. थोरले पाहुणे गाडीतून उतरले आणि त्यांनी दबक्या आवाजात दुभाष्याला विचारलं, “कोण गेलं?”

बारीकशेठ पुढे होते. एवढं शरीर झाकायला तीन चादरी लागल्या होत्या, त्यामुळे पाहुण्यांची नजर आधी त्यांच्यावरच गेली. बारीकशेठांनी वाकून नमस्कार केला आणि व्यवसायबंधूच्या नात्यानं विचारलं, “साहेब, इतकं बारीक काढता, तर चाळता कशातून?”

पाहुणे हसले. हा कोण म्हणून त्यांनी चौकशी केली. दुभाष्यानं सांगितलं, यांची पिठाची गिरणी होती, धूळ उडू नये म्हणून बंद केली आहे. पाहुणे बुचकळ्यात पडले. म्हणाले, “बंद कशाला? आमचं काम बंद खोलीत चालतं. हवासुद्धा आम्ही गाळून आत घेतो. चालू द्या की गिरणी.”

ते शब्द ऐकताच बारीकशेठांच्या नाकावरचं फडकं आतून ओलं झालं. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती गर्दी मोडून, चक्क टाचा आपटत पुढे आली.

“ऐकलंस का रे?” तिनं भावाला विचारलं.

सचिवानं ऐकलं होतं. त्यानं पाहुण्यांना आदबीनं मंडपाकडे नेलं आणि परत येऊन सांगितलं, “ताई, मोठी माणसं नम्र असतात. तोंडानं असंच म्हणतात. त्यांच्या मनात काय आहे ते समितीला ठाऊक. आणि आता गिरणी चालू केली, तर इतके दिवस बंद का ठेवली असं लोक विचारतील ना?” हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून गिरणी बंदच राहिली.

कारखाना डोंगरवाल्यांकडे गेला. (तिथूनही तो पुढे हलला. सपाट केलेला डोंगर परत उभा करायची योजना तिकडे सध्या विचाराधीन आहे.) बातमी आली त्या दिवशी गाव बराच वेळ चवड्यांवरच उभं राहिलं, टाचा टेकायला सांगणारं कुणी नव्हतं. बारीकशेठ मात्र किल्ली घेऊन निघाले. आता कसली धूळ आणि कसला हादरा! पण गिरणीच्या दारात मेहुणा आधीच उभा होता, हातात पेढ्याचा खोका घेऊन.

“दाजी, दिलेला शब्द पाळला! कंपनी आपल्या तयारीवर खूश आहे. मोठा कारखाना गेला तर गेला, आपल्याला दुसरा प्रकल्प दिलाय. जगातले जुने फोन, जुने कॉम्प्युटर इथं येणार. ते दळायचे आणि त्यातलं सोनं-तांबं कंपनीला पाठवायचं. दळायचं म्हटल्यावर मी तुमचंच नाव सांगितलं. सूक्ष्म विभाग, दाजी!”

दगड निघाला, त्या जागी पोलादी दाते बसले. दगड बाहेर भिंतीला टेकवून ठेवला. ज्या दिवशी मोटार सुरू झाली, त्या दिवशी बारीकशेठांना आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तो आवाज ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. आवाज गावभर गेला आणि दोन-चार बायका धान्याचे डबे घेऊन लगबगीनं आल्या. दारातच त्यांना पोत्यांतून ओतलेले फोन दिसले. त्या उभ्या राहिल्या. बारीकशेठांनी सवयीनं एकीच्या डब्याला हात लावला, आणि काढून घेतला.

“बाई, यात आता धान्य नाही दळता येत,” ते म्हणाले. बायका डबे घेऊन परत गेल्या. त्या रात्री बारीकशेठ जेवले नाहीत, आणि बायकोनंही आग्रह केला नाही.

आता गिरणी जोरात चालते. गावाला हादरे बसतात, धूळ उडते. ती पांढरी नसून करडी असते आणि अंगावरून झटकली तरी जात नाही. पांढरे झगे वाया गेले नाहीत, रोज वापरात आहेत. बायकोला खोकला झाला आहे, तो समितीच्या मते पूर्वीचा. सचिव म्हणतो, गावाचं नाव अखेर जगाच्या नकाशावर आलं, आणि ते खोटं नाही. पोती सगळ्या देशांतून येतात.

तुमचंही येईल. कपाटाच्या खणात चार्जरच्या गुंत्याखाली तुमचा जुना फोन पडला आहे ना, तोच. चांगला चालत होता, पण नवा आला, त्याची चिप आणखी बारीक होती. एक दिवस कुणीतरी सांगेल, जुना द्या, पर्यावरणाचं भलं होईल आणि नव्यावर सूटही मिळेल. तुम्ही द्याल. पुण्य केल्यासारखं वाटेल आणि तुम्ही पुढच्या कामाला लागाल.

इकडे गिरणीत तो अजून तसाच ठेवलेला असेल. नियम म्हणजे नियम, विचारल्याशिवाय दळायचं नाही. माल तुमचा आहे. तेव्हा बारीकशेठ विचारताहेत, बारीक की जाडसर? सांगून टाका. दळण न्यायला डबा पाठवायची तसदी नको, वारा तुमच्याच घराकडे वाहतो आहे.