खरातकाका आणि डाव्या दिव्याची चौकशी

आमच्या शेजारचे खरातकाका बिघडलेल्या कुठल्याही वस्तूला आधी हात लावत नाहीत, आधी तिची चौकशी करतात. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा ते त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि माझ्या बायकोला विचारू लागले, तक्रार कधीपासूनची, आवाज आधी बदलला की वास आधी आला, त्या दिवशी चटणी कसली होती. मिक्सर सुरू झाला, पण बायको पुढे आठवडाभर चटणी करायला बिचकत होती.

वाळूजच्या एका कारखान्यात काकांनी इलेक्ट्रिशियन म्हणून उभी हयात घालवली. निवृत्त झाल्यापासून सगळी कॉलनी हाच त्यांचा कारखाना. "गुन्हा साबित होऊ द्या, मग फाशी," हे त्यांचं ब्रीद. तपास न करता नवा पार्ट बसवणारा मेकॅनिक त्यांच्या लेखी जल्लाद. माझ्या मेहुणीच्या लग्नात माईक गुरगुरत होता, म्हणून ऐन मंगलाष्टकांत ते स्टेजखाली शिरले. बाहेर आले तेव्हा माईक सुधारला होता आणि नवरानवरीपेक्षा जास्त अक्षता काकांच्या डोक्यावर होत्या.

गेल्या हिवाळ्यात बायकोची बदली सिल्लोडच्या शाळेत झाली. सकाळी सहाला गाडी काढायची, आणि फुलंब्रीच्या पुढे असं धुकं, की समोरचा ट्रक हॉर्न वाजवेल तेव्हाच कळावा. नेमका तेव्हाच गाडीचा डावा फॉग लाइट मंद झाला. उजवा लख्ख, डावा देवघरातल्या समईसारखा. ती हसण्यावारी न्यायची, पण स्टेअरिंग घट्ट धरून धरून तिचे हात दुखायला लागले होते. मला खरोखर भीती वाटत होती. म्हणून मी नवा बल्ब आणायला निघालो, तर काकांनी फाटकातच अडवलं. आधी चौकशी.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहिला. डावी बाजू मंदच राहिली. "बल्ब बेकसूर हाय," म्हणत त्यांनी तो फडक्याने पुसून जवळजवळ माफी मागत जागेवर बसवला. शनिवारी संशय काचेवर गेला. ती टूथपेस्टने घासली. काच चकाकली, दिवा ढिम्म. मग मीटर लावून पाहिलं, तर करंट पोचत होता बरोबर. या सगळ्यात मी टॉर्च धरून गाडीखाली आडवा, आणि येणारे-जाणारे वाकून माझ्या तब्येतीची विचारपूस करत होते.

रविवारी बायको चहा घेऊन अंगणात आली, तेव्हा काकांनी एक लांब वायर काढली. एक टोक दिव्याच्या परतीच्या तारेला, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. डावा दिवा एकदम भडकला. करंट येतोय पण त्याला परत जायला वाट नाही, म्हणजे अर्थिंग कच्ची, असं त्यांनी आम्हाला समजावलं. बंपर काढला. अर्थिंगची तार त्यामागच्या पत्र्याला घट्ट कसलेली होती, पण तिच्याखाली नव्या रंगाचा जाड थर होता.

काका माझ्याकडे वळले. "भाऊ, हा रंग कधीचा?"

आता काय सांगणार? दौलताबादच्या रस्त्यावर जुन्या तटाचा जो अरुंद दरवाजा लागतो, त्यात मी गाडी घासली होती, आणि बायको माहेरी असताना गुपचूप रंगवून आणली होती. रंगाऱ्याने उत्साहात आतला पत्राही रंगवला आणि तार त्यावरच कसली. थाप मारावी म्हटलं, पण काका पुढचा प्रश्न तयार ठेवून बसले होते. मी कबुली दिली.

"गुन्हा साबित," काका म्हणाले. "फाशीचं सूनबाई बघतील."

बायकोने माझा चहाही काकांना दिला. त्यांनी पॉलिश पेपरने पत्रा खरडला, तार पुन्हा कसली आणि दोन्ही दिवे सारखे लागले.

सोमवारी सकाळी धुकं दाट होतं. बायको निघाली तेव्हा काका माकडटोपी घालून फाटकाशी उभे होते. दिवे बघायला आले असतील, असं समजून मी आत गेलो. साडेसातला दूध घ्यायला बाहेर आलो, तर ते तिथेच.

"पोचल्या का सूनबाई?"

आत्ताच फोन आला, सुखरूप पोचली, असं मी सांगितलं. ते दिव्याविषयी विचारतील असं वाटलं, पण त्यांनी तो विषयच काढला नाही.

"माझी पोरगी पुण्यात रोज स्कूटीवर जाती," ते म्हणाले. "तुमची काकू होती तवर तिला फोन यायचा, पोचले म्हणून. मला कोण करतंय? मी म्हणलं तर म्हणती, बाबा, मी काय लहान हाय का. दहा वाजेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो बघा."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं, याची लाजही वाटली. संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून सिल्लोडहून फोन काकांना जातो. साडेसातला ते आमची बेल वाजवतात आणि मला सांगतात, "पोचल्या."