मास्तरांच्या लिव्हरचं माप

शिंपी मास्तरांच्या लिव्हरमधून लिंबाएवढी कॅन्सरची गाठ काढली. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी सर्जनला पहिला प्रश्न टाकला, "मार्जिन किती सोडलं?"

सर्जन चाटच पडला, कारण नेमकं तेच बघायचं होतं. त्याने समजावलं की गाठ लॅबमध्ये गेलीय, तिथे कापलेल्या कडेला शाई लावून पातळ काप करतात आणि मायक्रोस्कोपखाली धरतात. गाठीवरचं आवरण अखंड आहे का, ती बारीक रक्तवाहिन्यांत शिरलीय का, कडेला निरोगी भाग किती सुटलाय, यावरून दुखणं परत उलटेल का याचा अंदाज येतो.

"म्हणजे अस्तर, दोरे आणि मार्जिन," मास्तर म्हणाले. "आम्ही खडू लावतो, तुम्ही शाई. धंदा एकच."

पंधरा दिवसांत मास्तर घरच्या मशीनवर येऊन बसले, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी. त्याच दिवशी थोरल्या लेकीने रिपोर्ट आणला. आईचा हुकूम होता की पाकीट फोडायचं नाही आणि बाबांना दाखवायचं तर नाहीच. संध्याकाळी कंपाउंडर मामा येईल, तो वाचेल, मग काय ते ठरवू. थोरली दारात पोचली आणि मास्तरांनी मान वळवली. घाबरलेल्या माणसाला अक्कल आणि कपाट एकदम सापडत नाही. तिने पाकीट कटिंगच्या टेबलावर, कागदी नमुन्यांच्या गठ्ठ्यात खुपसलं आणि चहा टाकायला आत पळाली.

चहा घेऊन बाहेर आली तर टेबलावर कॉलरचा नवा कोरा नमुना. जाड खाकी कागदाचा, त्यावर हॉस्पिटलचा अर्धा शिक्का. कडक कागद दिसला की मास्तर त्याला जिवंत सोडत नाहीत, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या प्रगतिपुस्तकाचा एकदा खिसा झाला होता.

विचारावं तर बिंग फुटणार. तिने आत जाऊन आईच्या कानात सांगितलं. आईने मग सुई हरवल्याचं सोंग काढलं, आणि दोघी टेबलाखाली रांगायला लागल्या. मास्तरांनी मशीन न थांबवता एक पाय वर घेतला, मग दुसरा. थोड्या वेळाने खाली हात करून लोहचुंबकही दिलं.

कागदाचा एकही कपटा सापडेना. कसा सापडणार? चहा उकळत होता तेवढ्यात इस्त्रीवाली येऊन केर घेऊन गेली होती, निखारे पेटवायला. थोरली अनवाणी धावली. इस्त्रीवालीशी तावातावाने भांडून तिने तीन जळके तुकडे सोडवून आणले. मागून इस्त्रीवाली सगळ्या गल्लीला सांगत होती की एवढा जीव टाकून आजवर कुणी कपडेसुद्धा मागितले नाहीत.

स्वयंपाकघरात आईने तुकडे चिकटपट्टीने जोडले. एक लाइटबिलाचा निघाला, दुसरा कुणाच्या तरी कमरेच्या मापाचा. तिसरा नुसताच काळा. आईच्या डोळ्यांना धार लागली. "आता ह्यांचं पुढं काय होणार ते कोण सांगेल गं?"

ते ऐकून थोरलीचं डोकं फिरलं. ती तरातरा बाहेर आली. "बाबा, काय कापलंत कळतंय का? तुमचं लिव्हर कापलंत!"

"ते सर्जनने कापलं," मास्तर दोरा ओवत म्हणाले. "मी पाकीट कापलं."

त्यांनी मापाची वही पुढे सरकवली. आत गिऱ्हाइकांच्या मापांमध्ये एका पानावर रिपोर्ट टाचणीने नीट लावलेला. थोरली इस्त्रीवालीकडे धावली होती तेव्हा त्यांनी सर्जनला फोन करून शब्द न् शब्द समजून घेतला होता.

"मग आम्ही मघापासून..."

"तुम्ही सुई शोधत होतात. मधे कसं बोलणार?"

रिपोर्टखाली मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: अस्तर शाबूत. आत एकही दोरा गेलेला नाही. मार्जिन अठरा मिलिमीटर, बरं सोडलंय. सध्या अल्टर नको. दर तीन महिन्यांनी ट्रायल.

मागोमाग बाहेर आलेल्या आईने ते दोनदा वाचलं. मग ती मटकन जमिनीवर बसली, आणि तितक्याच वेगाने किंचाळत उठली.

सुई सापडली होती.