नाही हो!

ठामरावांनी त्या रविवारी सकाळी दिवाणखान्याचं दार लावून घेतलं, मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्याच्यासमोर परीक्षेला बसल्यासारखे बसले. दुपारपर्यंत प्रकाशकांचा फोन यायचा होता. दुसरं पुस्तक काढायचं की नाही, हे त्या फोनवर ठरणार होतं. पहिल्या पुस्तकाच्या जोरावर विमा कचेरीतली नोकरी सोडून झाली होती. दुसरं निघालं नाही, तर त्याच कचेरीत, त्याच साहेबापुढे मान खाली घालून उभं राहायचं होतं. आणि निघताना त्या साहेबाला पुस्तकाची प्रत देऊन "वाचा, उपयोग होईल," असंही म्हणून झालं होतं.

ठामराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ते बायकोनं ठेवलेलं. माणसांना सुधारायचं वेड त्यांना जुनंच. आधी त्यांनी पहाटे उठण्यावर ब्लॉग चालवला. तो ते रोज दहाला उठून लिहीत. मग घरातला पसारा कमी करण्यावर चालवला; त्याची टिपणं पसाऱ्यात हरवली आणि ब्लॉग मिटला. तिसरा, 'रोज एक नाही', मात्र धावला. लोकांना नाही म्हणता येत नाही, या दुखण्यावर ठामरावांनी औषध शोधून काढलं होतं. त्याचंच पुढे 'साखरपेरला नकार' हे पुस्तक झालं.

औषध सोपं होतं. 'नाही' हा शब्द टोचतो, तेव्हा तो अगदी हळू उच्चारावा आणि त्याला आदराचा 'हो' जोडावा, तोही चांगला लांबवून. "नाही होऽऽ." नकारही दिला जातो आणि माणूसही दुखावत नाही.

माणूस दुखावत नसे, हे खरं. कारण त्याला फक्त 'हो' ऐकू येई. बायकोनं हे कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण घरच्यांचं ऐकेल तो लेखक कसला!

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य उभे होते.

"साहेब, घरात रंगकाम काढलंय. एक कपाट तुमच्याकडे ठेवू का? संध्याकाळपर्यंतच."

ठामराव गोड हसले. "नाही होऽऽ."

"वा! शेजारी असावा तर असा!" दंतवैद्यांनी जिन्यात वाकून हाक दिली, "चला रे, आणा वर!"

कपाट अर्ध्या जिन्यात येऊन थांबलेलंच होतं. दंतवैद्यच ते, आधी उपटायचं आणि मग दुखतंय का विचारायचं, ही त्यांची पद्धत. दोन मिनिटांत ते अगडबंब धूड सोफ्याला भिंतीशी चेपून खोलीच्या मध्यभागी उभं राहिलं. बायको हात पुसत बाहेर आली.

"हे काय?"

"मी नाही म्हटलं होतं."

"कसं म्हटलंत?"

"पुस्तकातल्यासारखं."

"मग बरोबर आहे," असं म्हणून ती आत निघून गेली.

ठामराव पुन्हा मोबाइलसमोर बसतात न बसतात तोच साडूभाऊ आले. त्यांच्या काखेत कुत्र्याचं पिल्लू होतं.

"दोन दिवस बाहेर चाललोय. याला ठेवून घ्याल ना?"

"अहो, आज माझा महत्त्वाचा फोन... नाही होऽऽ."

"बघा! ही म्हणत होती, विचारू नका, त्यांचं लिखाण असतं. मी म्हटलं, माझ्या साडूनं मला नाही म्हणणं शक्यच नाही!" पिल्लू ठामरावांच्या हातात कोंबून साडूभाऊ जिना उतरलेसुद्धा.

पिल्लानं खाली उतरल्या उतरल्या गालिचा ओला केला. मग त्यानं ठामरावांच्या चपलेची चव घेतली, ती आवडली नसावी, म्हणून टेबलावरून लोंबणारी चष्म्याची दोरी ओढली आणि चष्म्यासकट कपाटाखाली नाहीसं झालं. ठामराव जमिनीवर पालथे पडून "यू यू" करू लागले. थोड्या वेळानं पिल्लू आलं. चष्मा आला नाही. चष्म्याशिवाय ठामरावांना जग म्हणजे नुसती दुधाळ काच.

त्या अवस्थेत त्यांच्या डोक्यावर कोणाची तरी सावली पडली. दार उघडंच राहिलं होतं.

"अय्या, व्यायाम चाललाय?" आवाज सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचा. "ऑफिसची किल्ली सापडत नाहीये हो. मीटिंग तुमच्याकडे घेऊ या?"

ठामराव कळवळून म्हणाले, "बाई, आज खरंच... नाही होऽऽ."

"या रे सगळे! हो म्हणाले!"

सोसायटी आत आली. जागा नव्हती, म्हणून काही जण कपाटाला टेकले. दंतवैद्यही आले. पाण्याच्या टाकीची गळती कोणामुळे, या विषयाला तोंड फुटलं आणि पाठोपाठ सगळ्यांनाच कंठ फुटला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, एकदा नुसतं 'नाही' म्हणा ना. शेपूट लावू नका त्याला."

"अगं, ते उद्धट दिसतं."

"दिसू दे! घराची धर्मशाळा झालेली चालते, उद्धट दिसलेलं चालत नाही?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. ठामरावांनी चाचपडत तो कानाला लावला. साडूभाऊंचा आवाज होता.

"अहो, त्याचा भाऊ इथे एकटा रडून रडून घर डोक्यावर घेतोय. दुसरं पण आणू का?"

"नाही होऽऽ!"

"देवमाणूस आहात! आलोच!"

ठामरावांचा चेहरा लालबुंद झाला. इकडे टाकी गळत होती, तिकडे गालिचा भिजला होता आणि पिल्लू आता पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर दात घासत होतं. पुन्हा मोबाइल वाजला. नाव दिसायला चष्मा नव्हता आणि आवाज ओळखायला सोसायटीनं जागाच ठेवली नव्हती.

"नमस्कार! काय मग, दुसरं हातात घ्यायचं ना? आम्ही सगळे तयार आहोत."

आणि ठामरावांचा बांध फुटला.

"नाही! नाही म्हणजे नाही! दुसरं नको नि तिसरं नको! पहिल्यानंच जीव नकोसा केलाय माझा! ना शिस्त, ना वळण, जिथे जाईल तिथे घाण! असलं फुकट दिलं तरी कोण घेणार आहे? आधी ते पहिलं उचला आणि चालते व्हा!"

त्यांनी फोन आपटला. टाकीवाले गप्प झाले. सेक्रेटरीबाई हळूच म्हणाल्या, "जिन्यात बसू या का आपण?" सगळे जण बाहेर पडले. दंतवैद्यांनी तर माणसांची वाटही न पाहता स्वतःच कपाट ढकलायला सुरुवात केली.

"बघा," बायको म्हणाली. "जमलं की नाही?"

ठामरावांना स्वतःचाच मोठा अभिमान वाटला. कपाट सरकलं, तसा खालून चष्मा निघाला. त्यांनी तो पुसून डोळ्यांवर चढवला आणि ऐटीत मोबाइल उचलला. शेवटच्या फोनपुढे नाव होतं: प्रकाशक.

ठामराव मटकन खालीच बसले. बसल्या बसल्याच त्यांनी फोन लावला.

"साहेब, मघाशी मी... ते तुम्हाला नव्हतं! ते कुत्र्याचं चाललं होतं!"

"असू द्या, असू द्या," पलीकडून प्रकाशक शांतपणे म्हणाले. "लेखक स्वतःच्या पुस्तकाला इतकं काही बोलतो, हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पण तुमच्याच सातव्या प्रकरणात आहे ना, कोणी ठाम नकार दिला की तो हसून स्वीकारावा, पुन्हा विचारून त्याचा अपमान करू नये? आम्ही स्वीकारला."

"अहो, नका स्वीकारू! मी पाया पडतो तुमच्या. दुसरं पुस्तक काढताय ना? एवढं एकच सांगा."

मग प्रकाशक अतिशय मायेनं, अगदी पुस्तकातल्यासारखं काहीतरी बोलले आणि फोन बंद झाला.

ठामराव उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"हो म्हणाले!"

"नक्की?"

"म्हणजे, आधी काहीतरी हळूच पुटपुटले, ते नीट ऐकू आलं नाही. पण शेवटी 'हो' म्हणाले. चांगलं लांबवून म्हणाले!"