विहीणबाईंची रसाची वाटी

आंबा निवडावा तर आम्हीच! देठाशी नाक नेलं की गोड का आंबट, तिथल्या तिथे सांगतो. माझी बायको कोकिळा म्हणते, हे तुम्हीच सांगत फिरता, दुसरं कोणी म्हणत नाही. म्हणू दे!

यंदा आमच्या लेकीची, मेघाची, लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तिच्यासोबत जावई आणि विहीणबाई सुगंधाबाई पारोळ्याहून जेवायला येणार होते. याच बाईंनी गेल्या मे महिन्यात भर मांडवात आमच्या आमरसाला 'पानचट' म्हटलं होतं! वर्षभर तो शब्द मला टोचत होता. आता असा रस खाऊ घालायचा की बाईंनी वाटी चाटली पाहिजे!

आदल्या दिवशी देवपुरातल्या अय्युबभाईंच्या फळांच्या दुकानात गेलो. त्यांनी लगेच फोड कापून पुढे केली.

"नाना, चाखून बघा!"

"अहो, आखाजीची घागर पुजल्याशिवाय आम्ही आंबा तोंडाला लावतो का?"

"तेच तर! सकाळपासून एक गिऱ्हाईक चाखत नाही. मी खाऊन 'गोड आहे' म्हणतो, तर माझ्यावर कोणाचा विश्वास नाही!"

"आम्हाला चाखायची गरजच नाही," म्हणत मी एक केशर उचलला, डोळे मिटून हुंगला आणि जाहीर केलं, "गोड!"

मागे आमच्या शेजारच्या झुंबरबाई उभ्या होत्या. "नाना, माले बी निवडी द्या ना!" दिले निवडून. मग त्यांच्या मागच्या बाईंना दिले. मग एका मास्तरांनी पिशवीच माझ्या हातात दिली. बघता बघता रांग लागली! अय्युबभाईंनी मला स्टूल दिलं, चहा मागवला. तासाभरात मी बारा घरांची आखाजी गोड करून टाकली!

मग माझी पाळी आली आणि नाकाने संप पुकारला! आंब्याला आंब्याचा वास, स्टुलाला आंब्याचा वास, चहालाही आंब्याचाच! शिवाय क्रेटमध्ये तळाचेच उरले होते. अंदाजाने दोन डझन उचलले.

दुसऱ्या दिवशी घागर पुजली, पितरांना नैवेद्य दाखवला, पानं वाढली. विहीणबाईंनी पोळीचा घास रसात बुडवला. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

"याही, हाऊ रस शे का चिंचनं पानी?" त्यांनी मला, म्हणजे आपल्या व्याह्याला, विचारलं.

जावयांना ठसका लागला. कोकिळाने साखरेचा डबाच आणून ठेवला. तेवढ्यात दारात झुंबरबाई, हातात वाटी!

"नाना, तुमनाच हातना आंबा! चाखी पाहा!"

ती वाटी विहीणबाईंनीच घेतली. एक घोट घेतला आणि चेहरा उजळला. "याले म्हनतस रस! कोनी निवडात ह्या आंबा?"

मी झुंबरबाईंना डोळ्यांनी खुणावत होतो. पण बाई कसल्या थांबतात!

"कोनी म्हंजे? यासनीच! बठ्ठी गल्लीले यासनीच निवडी दिधात!" सगळ्या गल्लीला मीच आंबे निवडून दिले, हे बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून सांगून टाकलं.

विहीणबाईंनी एकदा ती वाटी पाहिली, एकदा आपली.

"म्हंजे याहीले बराबर समजस! गोड बठ्ठी गल्लीले, आनि आंबट आमले!"

मेघाचा चेहरा पडला. लेकीचा संसार नवा! मी दोन्ही हात जोडले. "नाही हो विहीणबाई, शपथ घेतो! मला आंब्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"अगदी खरं आहे!" कोकिळा म्हणाली. पंचवीस वर्षांत माझ्या एखाद्या बोलण्याला तिने इतक्या आनंदाने दुजोरा दिलेला मला तरी आठवत नाही!