बारा बाय अठरा

वाल्मीक डेर्ले यांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात कोणालाही आनंद झाला नाही, कारण त्यांनी कुकर कसा घेतला होता ते सगळ्यांच्या लक्षात होतं. कुकरच्या निवडीला चार महिने लागले आणि ते चारही महिने घरातलं वरण पातेल्यात शिजलं. डेर्ले नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. दोन वस्तूंची तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची, हे ते सव्वीस वर्षं अकरावीच्या मुलांना सांगत आले होते. मुलं सुटायची, घरचे सुटत नसत.

कॅमेरा खरं तर लेकीला, निकिताला हवा होता. पंधरा वर्षांपूर्वी लोकांनी माळ्यावर टाकलेले ते खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे आता पुन्हा फॅशनमध्ये आले होते. त्यांचे फोटो जरा वाईट येतात म्हणूनच ते चांगले, असं निकिताचं म्हणणं होतं. डेर्ल्यांनी ते मुलीचं अज्ञान म्हणून सोडून दिलं आणि वही काढली. तीन आठवड्यांत दोन कॅमेरे उरले. एक काळा, एक चंदेरी. वहीत तेवीस ओळींचा तक्ता झाला. वजनापासून शटरच्या आवाजापर्यंत सगळं तपासल्यावर अकरा ओळींत काळा सरस होता, अकरांत चंदेरी, आणि तेविसावी ओळ 'फोटो कसा येतो' ही होती. ती रिकामी होती.

दुकानदार रविराज हा डेर्ल्यांचाच जुना विद्यार्थी. आठव्या भेटीनंतर त्यानं दोन्ही खोकी उचलून त्यांच्या पिशवीत घातली.

"सर, दोन्ही घेऊन जा. रविवारभर वापरा आणि दुकान बंद व्हायच्या आत एक परत आणा. कुठला ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचारू नका."

आता प्रश्न होता तो फोटो कशाचा काढायचा. प्रयोगाला न हलणारी वस्तू हवी, पण भिंत चालणार नाही, बारकावे हवेत. पूजानं, म्हणजे बायकोनं, नकार दिला. निकिता हलायची. मग डेर्ल्यांना सासरे आठवले. सायखेड्याचे कारभारीनाना कुटे, वय चौऱ्याऐंशी. न्याहारी झाली की अंगणात खुर्ची टाकून बसायचे ते जेवायला उठेपर्यंत. तोंडावर सुरकुत्या, डोक्याला फेटा, मागे कडुनिंब. एवढे बारकावे एका जागी स्थिर बसलेले दुसरीकडे सापडले नसते. रविवारी तसंही सायखेड्याला जायचंच होतं.

नाना मात्र फोटोला कचरत होते. त्यांच्या वडलांचा फोटो मोठा करून आणला आणि पंधरा दिवसांत वडील गेले. थोरल्या भावाचा मोठा केला, तो महिनाभरात गेला. थोरला भाऊ ब्याण्णव वर्षांचा होता, ही गोष्ट नाना धरत नसत.

"काढा, जावईबापू," नाना शेवटी म्हणाले, "पर मोठा करायचा नाय. खिशात मावंल एवढाच ऱ्हाऊ द्या. मोठा केला का मानूस ऱ्हात नाय."

डेर्ल्यांनी वचन दिलं. आधी काळ्यानं, मग चंदेरीनं, त्याच जागेवरून, त्याच उन्हात दोन फोटो काढले. नाना पापणीसुद्धा न हलवता बसले होते. प्रयोग उत्तम झाला, फक्त निकाल लागेना. कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर दोन्ही नाना एकसारखे दिसत होते. पूजाला विचारलं, तर ती म्हणाली, दोन्हीत नानांच्या डोळ्यांवर ऊन आलंय. मग ती, तिची आई कुसाबाई आणि निकिता अशा तिघी नदीपलीकडे चांदोरीला डोहाळजेवणाला निघून गेल्या.

डेर्ले थोडा वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मोठा केल्याशिवाय फरक दिसणार नव्हता. वचन फोटोबद्दल होतं आणि ही प्रयोगाची नोंद आहे, असा एक युक्तिवाद त्यांना सुचला. बघून झालं की फाडून टाकायचे, नानांना कळायचं कारणच नाही. त्यांनी स्कूटर काढली आणि पाऊण तासात पंचवटी गाठली.

भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत दीपकचा फोटो स्टुडिओ होता. दीपकनं संगणकावर फोटो उघडला. फेटा, सुरकुत्या, कडुनिंब.

"केवढा करायचा?"

"बारा बाय अठरा. दोन्ही."

फेट्यातल्या म्हाताऱ्याचा फोटो आपल्याकडे या मापाचा एकाच कारणानं करतात. दीपकनं चालू गाणं बंद केलं आणि आवाज खाली आणला.

"कधी झालं, काका?"

"आज सकाळीच."

"आजच. मग बाकीची कामं बाजूला ठेवतो. वय?"

"चौऱ्याऐंशी."

"काही त्रास?"

"तसा काही नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं तेवढंच. न्याहारी झाली, चहा घेतला आणि खुर्चीत बसले."

"खुर्चीतच?"

"खुर्चीतच. दोन मिनिटांत सगळं झालं. हललेसुद्धा नाहीत."

"पुण्यवान माणूस," दीपक म्हणाला.

डेर्ल्यांना स्तुती थोडी जास्त वाटली. पण न हलणाऱ्या माणसाची किंमत फोटोवाल्यालाच कळणार, असं म्हणून त्यांनी मान डोलावली. दोन प्रती कशाला हे दीपकनं विचारलं नाही. दोन भाऊ वेगळे राहत असतील, भिंती दोन असतील. त्यानं नानांचं पूर्ण नाव आणि गाव तेवढं लिहून घेतलं. ते पावतीसाठी असेल, असं डेर्ल्यांना वाटलं. तासाभरानं या, असं सांगून दीपकनं त्यांना दारापर्यंत सोडलं. जाताना खांद्यावर हात ठेवला. पंचवटीत गिऱ्हाइकाला इतकी चांगली वागणूक मिळते हे डेर्ल्यांना नवीन होतं.

तासाभरानं दोन्ही फोटो काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेले होते. डेर्ल्यांनी खिशातून भिंग काढलं, वही उघडली आणि डावीकडून सुरुवात केली. सुरकुत्या काळ्यात जास्त स्पष्ट होत्या. फेट्याचा रंग चंदेरीत खरा वाटत होता. पानं काळ्यात मोजता येत होती. भिंग खाली सरकलं. अक्षरं दोन्हीत सारखीच, असं त्यांनी वहीत लिहिलं. मग त्यांचं पेन थांबलं.

खाली लिहिलं होतं, 'कै. कारभारी गंगाधर कुटे, सायखेडा.' त्याखाली आजची तारीख.

"हे 'कै.' कोणी लिहायला सांगितलं?"

"ते आम्ही आमच्याकडून टाकतो, काका."

"अरे, नाना जिवंत आहेत."

दीपकनं त्यांच्याकडे करुणेनं पाहिलं. धक्क्यानं माणसं असं बोलतात हे त्याला धंद्यामुळे माहीत होतं. ते खरंच जिवंत आहेत हे पटवायला पाच मिनिटं गेली, आणि पटल्यावर दीपक घाईघाईनं मोबाइल शोधू लागला. अशा प्रत्येक फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून तो आपल्या स्टेटसला ठेवायचा. त्याचा एक मावसभाऊ सायखेड्यात होता. त्यानं ते पाहून गावाच्या ग्रुपवर टाकलं, आणि तिथून देवळाच्या भोंग्यावरून पुकारणं झालं, त्यालाही आता अर्धा तास होऊन गेला होता.

एवढ्यात पूजाचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. नाना गेले, आम्ही चांदोरीहून यायला गाडी शोधतोय, तुम्ही कुठे आहात, एवढं कळलं.

"पूजा, ऐक. ती चूक झालीये. इथं स्टुडिओत..."

"चूक कशी, अहो? भागुबाईनं स्वतः बघितलं. बाजेवर आहेत. तोंडावर उपरणं आहे."

फोन बंद झाला. डेर्ले भिंग हातात धरून उभे राहिले. गेली सव्वीस वर्षं कारण आणि परिणाम यांच्यामधला संबंध ते मुलांना समजावून सांगत होते. आता कारण त्यांच्यासमोर काउंटरवर पडलं होतं, बारा बाय अठरा, दोन प्रतींत. वडलांना पंधरा दिवस मिळाले होते, भावाला महिना. नानांना तासभरही मिळाला नाही. एकदम दोन मोठे केले म्हणून असेल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि भौतिकशास्त्रात त्यावर उत्तर सापडेना.

फोटो तिथं ठेवायचा धीर होईना. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवले आणि सायखेड्याची वाट धरली. पूजासमोर आपण काय सांगायचं, हाच एक प्रश्न रस्ताभर होता. वचन मोडलं हे सांगायचं, की कॅमेरा तपासत होतो हे सांगायचं? दोन्हीत दुसरं जास्त वाईट वाटत होतं.

घरासमोर पन्नासेक माणसं जमली होती. नाना दुपारचं जेवून कडुनिंबाखाली बाजेवर पडले होते, आणि माश्या त्रास देतात म्हणून त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं होतं, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. शेजारची भागुबाई सगळ्यांत आधी आली होती आणि घरचं माणूस आल्याशिवाय उपरण्याला कोणी हात लावायचा नाही, असा तिनं दंडक घातला होता. दोघं जण बांबू आणायला गेले होते. बाकीचे हळू आवाजात नाना किती सरळ माणूस होता ते सांगत होते. ज्यांच्याशी नानांचा बांधावरून वाद होता ते जरा जास्तच सांगत होते.

डेर्ले फाटकातच थबकले, कारण त्याच वेळी गर्दी दुभंगली आणि बारकू आला. बारकू नानांचा सख्खा धाकटा भाऊ, वय शहात्तर. अकरा वर्षांपूर्वी नानांच्या नातीच्या लग्नपत्रिकेत छापखान्यानं नाव वाचून त्याला लहान पोर समजलं होतं. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली पिंकी आणि सोनूच्या शेजारी 'चि. बारकू' असं छापून आलं. त्या पत्रिका बारकूनं स्वतः घरोघर वाटल्या, आणि चौदाव्या घरी कोणीतरी ती मोठ्यानं वाचली. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नव्हता.

बारकू बाजेच्या पायथ्याशी उकिडवा बसला.

"नाना," तो म्हणाला, "पत्रिकेचं मी कवाच सोडून दिलं होतं. तू एकदा यायला पायजे होतं. मी रोज सांजचा ओट्यावर बसायचो."

"मंग मला बघून दार का लावून घ्यायचा?" उपरण्याखालून आवाज आला.

"तू तोंड फिरवून जायचा म्हनून."

उत्तर देऊन झाल्यावर आपण कोणाशी बोललो ते बारकूच्या ध्यानात आलं. तो मागच्या मागे बसला. भागुबाईनं जी किंकाळी फोडली ती आधीच्या रडण्यापेक्षा मनापासून होती. नाना उपरणं बाजूला करून उठून बसले.

"भागुबाई रडली तवाच जाग आली होती," ते म्हणाले. "पर लोक चांगलं बोलत होते. मधी कशाला बोलायचं."

डेर्ले फाटकातून आत येऊन ओट्यावर बसले. सुटलो, एवढा एकच शब्द त्यांच्या डोक्यात होता. तेवढ्यात चांदोरीहून तिघी पोचल्या. पूजानं नानांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. कुसाबाई वाटभर रडत आली होती, ती नवऱ्याला बसलेला बघून भडकली.

"झोपायचं तर सांगून झोपावं मानसानं," ती म्हणाली आणि पन्नास माणसांचा चहा टाकायला आत गेली.

हे सगळं इथंच मिटलं असतं. पण ओट्यावर बसताना डेर्ल्यांच्या हातातलं पुडकं सुटलं होतं. वर्तमानपत्र उघडलं, आणि एक नाना वर तोंड करून अंगणात पडले, त्यांच्या शेजारी दुसरे.

नानांनी वाकून बघितलं. 

"मोठा केला," नाना म्हणाले.

"नाना, चुकलं माझं," डेर्ले म्हणाले. "लहान फोटोत फरकच दिसत नव्हता."

"खाली काय लिवलंय? निकिता, वाच गं."

निकितानं आजोबांकडे बघितलं, वडलांकडे बघितलं आणि वाचलं. कै. म्हणजे काय तेही सांगितलं. तारीख कुठली, असं नानांनी विचारलं. आजची, ती म्हणाली. सगळे जावयाकडे बघत होते. बांबू आणायला गेलेले दोघं जण नेमके तेव्हाच बांबू घेऊन आले आणि कुठं ठेवायचे ते न कळून तसेच उभे राहिले.

नानांनी त्या तारखेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला न शोभणारा.

"फोटो मोठा झाला," ते म्हणाले. "तारीख पडली. मानसं आली, रडली. बांबू बी आला. आता ऱ्हायलं काय? झालं की माझं. एवढी वर्सं भ्यायलो, ते हे एवढंच होतं व्हय?"

त्यांनी बांबू गोठ्याकडे टाकायला सांगितले, वेलीच्या मांडवाला होतील म्हणून. मग दोन्ही फोटो खुर्चीवर शेजारी शेजारी ठेवले आणि लांब उभे राहून बघितले. कुठला काळ्याचा, कुठला चंदेरीचा ते डेर्ल्यांनी सांगितलं आणि नकळत वही काढली.

"ह्या काळ्यातला मी गेल्यावानी दिसतो," नाना म्हणाले. "त्या चंदेरीतला रागावल्यावानी. रागावलेला भिंतीला लावा."

तेविसावी ओळ भरली. अशा प्रकारे चंदेरी कॅमेरा राहिला आणि काळा परत गेला. निकितालाही पहिल्यापासून चंदेरीच हवा होता, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

चहा होईपर्यंत बारकू त्या फोटोंभोवती दोन-तीनदा फिरून आला. मग त्यानं भावाच्या डोक्यावरचा फेटा मागून घेतला, आपल्या डोक्यावर चढवला आणि जाऊन नानांच्या खुर्चीत ताठ बसला.

"जावईबापू, माझा बी काढा. मोठाच करा. उरकून जाऊ द्या एकदाचं."

डेर्ल्यांनी चंदेरी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला.

"आनि त्या फोटोवाल्याला बजावून सांगा," बारकू ओठ न हलवता म्हणाला. "नावाच्या आधी 'कै.' टाकायचं. चुकून 'चि.' टाकलं, तर ह्या खेपेला कायमचा अबोला."