साडेपाच तास मिळवा

शेखरला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे गंगापूर रोडवरचं त्याचं मंगल कार्यालय. म्हणजे मालकाचं, पण व्यवस्थापक तो! आणि दुसरी म्हणजे तिथला कॉम्प्युटर. भिंतीवरचं मोठं घड्याळ कॉम्प्युटरवर चालायचं, आणि मुहूर्ताची वेळ भरून ठेवली की मंगलाष्टकंसुद्धा आपोआप सुरू व्हायची.

"मुहूर्त चुकला तर दुसऱ्या दिवशी मी या खुर्चीत दिसणार नाही!" असं त्याने सटाण्याच्या खंडेरावांना मालकासमोर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. खंडेराव वधूपिता. थोरल्या मुलीच्या वेळी वरातीच्या नाचात मुहूर्त टळला, ते त्यांना अजून सलत होतं. त्यांनी शेखरच्या शब्दावर कार्यालय ठरवलं. मालकानेही तो शब्द नीट लक्षात ठेवला.

लग्नाच्या दिवशी बारा वाजले. मुहूर्त बारा पस्तीसचा. वरात रस्त्यावर नाचतेय, आत पाहुणे भुकेने चुळबुळतायत. तेवढ्यात मुलाकडच्या कुणीतरी फोटोंचा पेनड्राइव्ह आणून दिला. परक्याचा पेनड्राइव्ह आणि परक्याचा टॉवेल शेखर सारखाच मानी. त्याने आधी अँटिव्हायरस अपडेट केला, खात्रीसाठी अपडेटच्या फाईलवरची वेळ पाहिली, आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. सकाळचे साडेसहा!

पुन्हा अपडेट केला. पुन्हा साडेसहा!

"शिळा माल गळ्यात मारतात की काय!" म्हणत त्याने अँटिव्हायरसच्या कंपनीला फोन लावला.

"सर, फाईल ताजीच आहे," पलीकडून निकिता नावाची मुलगी म्हणाली. "तिच्यावर ग्रीनिचची वेळ असते, जगभर एकच. आपल्याकडची वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवा."

"एवढंच ना!" फोन ठेवून शेखरने मिळवले. मनातल्या मनात नाही. कॉम्प्युटरच्या घड्याळात!

भिंतीवर संध्याकाळचे साडेपाच वाजले. मुहूर्त कधीच उलटून गेला असं समजून कॉम्प्युटरने तत्काळ मंगलाष्टकं सुरू केली. स्टेजकडे बघतो कोण? पाहुण्यांनी सवयीने हात उचलले, रिकाम्या पाटांवर अक्षतांचा वर्षाव केला आणि पहिलं कडवं संपायच्या आत सगळे जेवणाच्या हॉलमध्ये!

खंडेराव धोतर सावरत धावत आले.

"अहो, पोरगी खोलीत शे, नवरदेव रस्त्यावर शे, मंग लगीन कोनं लागनं?"

शेखरने घड्याळ मागे घेतलं, मंगलाष्टकं बंद केली, पण पाहुणे काही मागे येईनात. जेवणावरून उठून अक्षता टाकायला आलेला माणूस उभ्या नाशकात कुणी पाहिलेला नाही. आता खुर्ची गेलीच, असं त्याला वाटलं.

बातमी बाहेर वरातीत पोचली.

"अरे, अक्षता पडल्या! पंगत बसली! जिलेबी संपेल!"

नाच जागच्या जागी थांबला. मित्र पळाले, त्यांच्यामागे ताशेवालेही पळाले. घोड्यावर एकटा उरलेला नवरदेव, "अरे, पण माझ्याशिवाय कशा पडल्या?" असं ओरडत स्वतःच खाली उतरला आणि फेटा धरून आत धावला.

साडेबारासुद्धा वाजले नव्हते! गुरुजींनी दोनदा डोळे चोळले. अंतरपाट धरला. अक्षता उरल्याच नव्हत्या, म्हणून शेखरने स्वयंपाकघरातून कोरा तांदूळ आणला. घरचे तेवढे उभे राहिले आणि बरोब्बर बारा पस्तीसला गळ्यात माळा पडल्या.

शेखरने अँटिव्हायरसपासूनचा सगळा घोळ सांगितला आणि माफी मागायला हात जोडले. खंडेरावांनी ते मधेच धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"शेखरराव, आमच्या सात पिढ्यांत लगीन वेळेवर लागलं नव्हतं हो! वैशाखात धाकट्या पोराचं शे, तारीख धरून ठेवा. आणि तुमचं ते अँटिव्हायरस का काय, ते वरात दारात आली की लगेच लावा बरं का!"