टिपणिसांचं तरंगतं बिऱ्हाड

टिपणीस कधी कुणाच्या दाराची बेल वाजवत नसत. खिशातून एक छोटी हातोडी काढत आणि दारावर तीन ठिकाणी ठोकत. वर, मधे, खाली. मग कान लावून ऐकत. आपण दार उघडावं, तर समोर दाराच्या उंचीचा माणूस कान पुढे करून वाकलेला, आणि नमस्काराच्या आधी निदान.

"वहिनी, खालचा भाग फुगलाय. लादी पुसताना पाणी मुरतंय."

हातोडी त्यांच्या धंद्यातली. शारजाच्या एका यार्डात ते जहाजांचे तळ तपासत. पत्रा ठोकायचा आणि आवाजावरून गंज किती खोल गेलाय ते सांगायचं. यार्डात त्यासाठी मशीन होतं, पण टिपणीस मशीनचा आकडा बघत आणि तरी एकदा ठोकतच. "तळ बोलला पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी आमचा फ्रिज ठोकून पाहिला होता, सुपरमार्केटातलं प्रत्येक कलिंगड ठोकलं होतं. माझा गुडघा नवा बसवला, तेव्हा भेटायला आले आणि त्या गुडघ्याकडे अशा नजरेनं बघू लागले, की मी पाय पटकन साडीखाली घेतला.

ही गोष्ट आठेक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी बासष्टची होते. आज सत्तरीतून मागे बघते, तेव्हा ती बासष्टची बाई मला फार अगाऊ वाटते. शारजातल्या रोल्लाच्या एका टायपिंग सेंटरमध्ये तिनं जन्मभर लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरले होते. त्यामुळे अमिरातीचा कारभार आपल्याच दोन बोटांवर चालतो, अशी तिची समजूत होती. केस रंगवायची. प्रत्येकाला सल्ला द्यायची. तिच्याबद्दल पुढे येईलच, लपवून काय करणार?

दुबईत अल कुसैसला आम्ही आणि टिपणीस एकाच इमारतीत राहत होतो. मालकाला इमारत पाडून नवी बांधायची होती, म्हणून त्यानं रीतसर वर्षभराची नोटीस दिली. तीन महिन्यांत आम्ही दोन गल्ल्या पलीकडे गेलो. मग एकेक करत सगळे गेले. अकरावा महिना लागला, तेव्हा अख्ख्या इमारतीत एकच खिडकी पडद्याची राहिली होती. तिसरा मजला, टिपणीस.

आणि टिपणीस काय करत होते? मोबाइलवर जुन्या बार्ज बघत होते.

बार्ज म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट. तिच्यावर खोल्या बांधलेल्या असल्या, तर समुद्रात काम करणारी माणसं तिच्यावर राहतात. एखादी वापरलेली बार्ज घ्यायची, खाडीत बांधायची आणि नवराबायकोनं तिच्यावर राहायचं, हा त्यांचा बेत. मुलीचं लग्न जुळवताना बाप स्थळं बघतो, तशा ते जाहिराती बघत. फोटो मोठा करून माझ्यापुढे धरत.

"ही बघा. अजमानची. वय बावीस. आधीच्या मालकानं नीट वागवलेली."

"आणि ही?"

"छे. फोटो एकाच बाजूनं काढलेत. दुसऱ्या बाजूला मार बसलेला असणार."

"केवढ्याला?"

"दीड लाख दिरहम. म्हणजे अठ्ठावीस लाख. पुण्यात एवढ्यात पार्किंग येतं, वहिनी."

माझी नात तेव्हा बारा वर्षांची. ती म्हणाली, "आजी, ही इज अ लेजंड!" मला मात्र हसू येत नव्हतं. कारण टिपणिसांच्या घरात त्यांची बायको, वत्सला, होती.

वत्सलाचे डोळे जात होते. डोळ्यांतल्या पडद्याचा आजार. कडेनं दिसणं कमी होत होत आता समोर नाण्याएवढा धूसर गोल उरला होता. पण त्या घरात ती अशी वावरायची, की नव्या पाहुण्याला कळू नये. फोडणीत मोहरी बरोबर पडायची, गॅसच्या बटणावर हात न चाचपडता जायचा. अशा बाईला डोलणाऱ्या लोखंडावर नेऊन ठेवायचं? कठड्याबाहेर एक पाऊल चुकलं की संपलं. आणि महिनाअखेर इमारतीची वीज तोडणार होते. वॉचमन रोज जिन्यात टिपणिसांना गाठून विचारी, "साब, कब जाएगा?" टिपणीस म्हणत, "इन्शाल्ला, इसी हफ्ते." असे सहा हफ्ते झाले होते.

"टिपणीस, फ्लॅट बघा," मी रोज फोन करून सांगे.

"बघतोय ना, वहिनी."

"फ्लॅट म्हणाले मी. जमिनीवरचा."

"जमिनीवरचं घर दुसऱ्याचं असतं."

दर शुक्रवारी ते मला गाडीत घालून बार्ज बघायला नेत. मी का जाई? पाळत ठेवायला, असं मी घरी सांगे. खरं म्हणजे मला मजा यायची. उम्म अल कुवेनच्या खाडीत आम्ही एक बार्ज पाहिली, तिच्यावर मालकाच्या शेळ्या होत्या. दुसरीचा एजंट "हबीबी, फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास" म्हणत असताना टिपणिसांनी ठोकलं आणि हातोडी पत्र्यातून आरपार गेली. टिपणिसांनी ती हळूच काढली, भोकाकडे पाहिलं आणि एजंटला म्हणाले, "ये बोल रहा है, पर जरा जास्तीच खुलके."

आणखी एक कारण होतं. ते सांगायला आजही जीभ अडखळते. टिपणिसांचा सगळा बेत एका कागदावर कोसळणार होता आणि तो कागद मला माहीत होता. बायकोचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर काढायचा, तर घराचा भाडेकरार सरकारदरबारी नोंदलेला लागतो. त्या नोंदीला आम्ही सगळे इजारी म्हणतो. बार्जची इजारी कोण देणार? आणि वत्सलाचा व्हिसा पुढच्याच महिन्यात संपत होता. टिपणिसांना याचा पत्ता नव्हता, कारण तीस वर्षं त्यांची कागदपत्रं कंपनीचा माणूसच करून आणत होता. आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांचं असंच असतं. पासपोर्ट द्यायचा, पासपोर्ट घ्यायचा, मधलं काही विचारायचं नाही.

हे माझ्या लक्षात येऊन तीन आठवडे झाले होते. फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्या बासष्टच्या बाईला ते वाक्य चारचौघांत, बरोबर क्षणी टाकायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले, आता एकदा आपण "खलास" म्हणायचं होतं.

महिना संपायला नऊ दिवस असताना टिपणिसांचा फोन आला. आवाज वेगळाच. "वहिनी, सापडली. अजमानला. तळ बोलतोय. आज टोकन देतो. वत्सलाही येतेय."

दुपारी तीनची वेळ, वारा सुटलेला. बार्जवर दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर. रंग उडालेला, पण बांधा मजबूत. एजंट त्रिशूरचा, हातात कागदांची फाइल घेऊन पलीकडे उभा. जेट्टी आणि बार्ज यांच्यामध्ये एक फळी टाकलेली, दोन वीत रुंद, कठडा नाही. खाली हिरवं पाणी.

"फळीवर मी उलटा चालतो," टिपणीस वत्सलाला म्हणाले. "तू फक्त माझे हात धर."

"उलटे चालताना तुम्हीच पडाल."

"मी पडलो तर हात सोड."

"असं कसं सोडीन?" वत्सला म्हणाली आणि तिनं पाऊल टाकलं.

ते दोघं फळीच्या मधोमध होते आणि खाडीतून एक लाँच भरधाव गेली. लाट आली. बार्ज जेट्टीवर आपटली, मग दूर सरकली. फळीचं टोक काठावर करकरत घासलं. एजंट ओरडला, "चेची, दीदी, हिलना मत!" वत्सला थांबली. तिची मान वर होती, आभाळाकडे, आणि चपलेच्या पुढे बोटं फळी शोधत होती. टिपणिसांच्या पाठीमागे दीड हात फळी उरली होती आणि त्यांना ती दिसत नव्हती. मी जेट्टीवर उभी. पदराचं टोक दातांत. एरवी बोलून बोलून लोकांना भंडावणारी मी.

"उजवा," टिपणीस हळू म्हणाले. "आता डावा. अर्धा. हां. आणखी अर्धा."

पोचले. मी मागून बसत, सरकत, साडी गोळा करत गेले. माझं सोडा.

आत गेल्यावर वत्सला भिंतींवरून हात फिरवू लागली. टिपणीस तिला सांगत होते, "हे बघ, दारातून आत आलीस की डावीकडे ओटा. आपल्या घरासारखाच. पलंग इथे लावू. पलंगापासून मोरीपर्यंत बरोबर तेवढंच अंतर, मी टेपनं मोजलंय."

एजंटनं पेन पुढे केलं. टिपणिसांनी टोपण काढलं.

माझी वेळ आली. आवाजात गोडवा आणून मी म्हणाले, "टिपणीस, या बार्जची इजारी कोण देणार?"

"इजारी कशाला? भाड्याची थोडीच आहे?"

"वत्सलाच्या व्हिसाला लागते. मालकीचा कागदही जमिनीवरच्या घराचाच चालतो. इजारी नाही तर व्हिसा नाही. पुढच्या महिन्यात तिला पुण्याला पाठवा आणि तुम्ही एकटे तरंगत बसा. खलास!"

एजंट फाइलमध्ये बघू लागला. मला वाटलं होतं टिपणीस वाद घालतील, कायदा विचारतील, मी पाठ केलेली कलमं म्हणून दाखवीन. पण त्यांनी पेनचं टोपण लावलं. नीट बसलं नाही, परत लावलं.

"वहिनी, आम्ही या देशात नऊ घरं बदलली," ते म्हणाले. "कधी भाडं वाढलं, कधी मालकाचा मुलगा आला. प्रत्येक वेळी हिनं नवं घर डोळ्यांनी लावलं. आताच्या दहाव्या घरात डोळे गेले. पूर्ण दोन वर्षं लागली हिला ते हातांनी शिकायला. कपाळाला खोक पडली, हात भाजला. मला कधी सांगितलं नाही, मीच बघायचो. आता परत? आणि दोन वर्षांनी आणखी एकदा? म्हटलं, असं घर घ्यावं, की उठवलं तर दुसऱ्या धक्क्याला नेऊन बांधता येईल. बाहेरची जागा बदलली तरी आतलं काही हलणार नाही."

माझ्या मनात आलं, की ते इजारीचं एक वाक्य आपण तीन आठवडे अडवून धरलं होतं. हा माणूस तेवढे दिवस लोखंड ठोकत हिंडला आणि आपण मागच्या सीटवर बसून चकल्या खात होतो.

वत्सला भिंतीवरचा हात न काढता म्हणाली, "अहो, इथे डिझेलचा वास येतो. माझ्या आमटीला लागेल." मग पदर खोचत, "चला. परत त्या फळीवरून जायचंय."

पुढचे आठ दिवस मी माझ्या सगळ्या ओळखी पणाला लावल्या. आमच्याच गल्लीत एक फ्लॅट मिळाला, तळमजल्यावर. इजारी मी स्वतः टाइप केली आणि फी घेतली नाही. माझ्या पापाची ती फारच स्वस्त भरपाई होती. टिपणिसांनी फ्लॅटच्या भिंतीवर ठोकून पाहिलं, "पोकळ" म्हणाले आणि सही केली. त्यानंतर हातोडी काही त्यांच्या खिशातून बाहेर आली नाही. सामान हलवतानाही नाही. त्यांची ती वाकलेली पाठ मला बघवत नव्हती.

ते राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी मी डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. मनात धाकधूक. वत्सला पडली असेल, भाजली असेल, मला दोष देत असेल. दार नुसतं लोटलेलं होतं.

हॉलच्या मधोमध टिपणीस उभे होते. डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधलेला. दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या, कपाळावर टेंगूळ. एक हात पुढे करून ते हवेत चाचपडत होते.

वत्सला स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. चाहूल लागताच तिनं माझ्या दिशेला मान वळवली.

"मालती ना? ये. चार दिवस झाले, सुट्टी काढून असेच बसलेत. झोपतानाही टॉवेल काढत नाहीत. हात एकदा शिकले की शिकले, मला घर परवाच समजलं गं. यांना अजून मोरी सापडत नाही."

"सापडते," टिपणीस म्हणाले आणि खुर्चीला धडकले.

"टिपणीस, काढा तो टॉवेल," मी म्हणाले. "तिला येतंय सगळं."

"थांबा, वहिनी. तिला इथे कसं वाटतं ते मला अजून कळलेलं नाही." मग त्यांनी मान उलट्याच बाजूला वळवली. "वत्सला? कुठे आहेस?"

तिनं पदर तोंडाला लावला, खाली आणला. मग टेबलाला, खुर्चीला, कशालाही न लागता ती सरळ हॉलच्या मधोमध गेली आणि तो हवेतला हात तिनं आपल्या हातात घेतला.

"उजवा," ती म्हणाली. "आता डावा. अर्धा."

मी डबा दारातच खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं.